तळघराचं भाषांतर

२०१६च्या ऑक्टोबरात, मला भारतात परत जायला आठवडा उरला असताना, तनयाला घेऊन एका टूरला गेलो. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला होता, तेव्हाच्या जागा दाखवणारी टूर.

तनया माझी नात, अकरा वर्षांची, जर्मनीत बॉबलिंगेनला वाढलेली. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी जाण्याआधी ती माझ्याशी मराठीत बोलावी, एवढीच माझी इच्छा होती. छत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मला ही संधीच वाटली. जर्मन मला येत नाही. गाइडचं बोलणं तिनं मराठीत सांगायचं.

"पूर्ण वाक्यात. काही गाळायचं नाही."

"आजोबा, ही शाळा आहे का?"

"आहे!"

गाइड फ्राउ लोरेन्झ, म्हणजे लोरेन्झबाई, सत्तरीच्या होत्या. गोळ्यांनी खड्डे पडलेल्या भिंतीशी त्या थांबल्या.

"रस्त्यावर गोळ्या यायच्या," तनया सांगू लागली, "म्हणून सैनिक भिंती फोडून एका घरातून दुसऱ्या घरात जायचे. आधी हातबाँब टाकायचे. मग आत बघायचे."

"शाब्बास!" हृषिकेशला, तिच्या बाबाला, हे कधी सांगतो असं मला झालं.

मग आम्ही तळघरात उतरलो. फ्राउ लोरेन्झ बराच वेळ हळू आवाजात बोलल्या.

"इथे लोक लपले होते," तनया म्हणाली.

"एवढंच? त्या पाच मिनिटं बोलल्या. गाळू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एकोणीस माणसं होती. बाँब आत आला. एका बाईचं पोट फाटलं. तिचा मुलगा सगळं हातांनी आत ढकलत होता. भिंतीला... गेहिर्न..." तिनं डोक्याला हात लावला.

"मेंदू," मी सवयीनं सांगून टाकलं.

"मेंदू चिकटला होता. तो नंतर सुरीनं खरवडला. एक मुलगी होती, माझ्याएवढी. तिचे पाय तुटले. ती सकाळपर्यंत ओरडत होती."

"पुरे, तनू."

"नाही, पूर्ण वाक्य!" ती थांबेना. "सैनिकांना ऐकू जाईल म्हणून तिच्या आईनं तिच्या तोंडावर उशी दाबली. ती मरेपर्यंत."

फ्राउ लोरेन्झ आमच्याकडे वळल्या. काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

मी तनयाला वर उजेडात आणलं. "बाळा, माझं चुकलं."

ती रडत, ओरडत जर्मनमध्ये बोलू लागली. खूप वेळ. मला एक शब्दही कळला नाही. मी पायरीवर बसलो आणि तिचं संपेपर्यंत ऐकत राहिलो.