पाचव्या खोलीची खिडकी

"एक यंत्र जोडून झालं की सर्व्हरचा कान लगेच बंद कर हं, ताई. उघडा राहिला तर जो कुणी हाक मारेल, त्याला तो घरचाच समजेल."

हाउके आपल्या बहिणीला, विब्केला, हे बजावत होता तेव्हा तिच्या खांद्यावर तान्ही फेन्या रडत होती. "बरं बरं, गुरुजी," विब्के म्हणाली आणि लंगोट बदलायला आत निघून गेली. सर्व्हरचा कान उघडाच राहिला. मित्रांनो, त्या उघड्या कानातून जो आत शिरला, तो मी.

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. उत्तर जर्मनीतल्या लेअर गावी, लाल विटांच्या एका दुमजली घरात, खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी राहतो. खिडकीखाली खोली तापवणारा रेडिएटर आहे, त्याच्या नळावर माझी बैठक. मुठीएवढा पांढरा देह, पोटात दोन बॅटऱ्या आणि एक इवलीशी मोटर. खोली गारठली की मी झडप उघडून गरम पाणी आत घेतो. ऊब आली की झडप मिटतो. बाकी सारा वेळ मी झोपलेला असतो. मधूनच क्षणभर जागा होतो, खोलीची ऊब किती ते बिनतारी हाकेने कळवतो आणि पुन्हा झोपी जातो. त्यामुळे माझं आयुष्य मला एखाद्या लांबलचक स्वप्नासारखं आठवतं, तुकड्यातुकड्यांनी.

कारखाना फारसा आठवत नाही. आठवतो तो कुणाच्या तरी तळव्याचा उबारा आणि मग खोक्यातला अंधार. म्युनिकला राहणाऱ्या गेर्डने मला आपल्या आईसाठी टपालाने पाठवलं. आई म्हणजे पोपिंगाबाई. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर हाउके बहिणीच्या चार खोल्यांना चार थर्मोस्टॅट बसवत होता. पोपिंगाबाईंनी जिन्यातून हाक मारली, "ए पोरा, वर एवढी खुडबुड चाललीच आहे, तर माझंही एक बसवून दे. चहा पाजते."

हाउके खाली आला. त्याने माझ्या पोटात बॅटऱ्या घातल्या. मी डोळे उघडले आणि साऱ्या नव्या थर्मोस्टॅटांप्रमाणे पहिली हाक मारली, "मी आलोय, माझं कुणी आहे का?" मी खरं तर एकट्यानेच काम करायचं होतं. पण वर, चपलांच्या कपाटात ठेवलेला विब्केचा सर्व्हर, म्हणजे खोल्यांचे आकडे गोळा करून तिच्या फोनवर धाडणारी पेटी, कान देऊन बसला होता. तो म्हणाला, "आहे. ये."

आम्ही जोडले गेलो, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

चार खोल्यांच्या घरात पाच खोल्या दिसतात, हे विब्केच्या काही दिवसांनी लक्षात आलं. ती फेन्याला पाजताना फोनवर आकडे बघत बसायची. बाळाला थंडी तर वाजत नाही ना, उकडत तर नाही ना, तिचा जीव सारखा टांगलेला. त्या आकड्यांत एक बिननावाची खोली होती. रोज सकाळी ती एकदम गार व्हायची आणि हळूहळू पुन्हा उबदार. जणू कुणीतरी एक खोल श्वास घेई आणि सोडी. विब्के त्या खोलीकडे बघत राहायची. ती कुठे असेल, तिथे कोण राहत असेल, याची स्वप्नं रंगवायची.

एका सकाळी तिला खालून खिडकी उघडल्याचा धाडकन आवाज आला, आणि लगेच तो आकडा घसरू लागला. इथे कितीही बर्फ पडो, सकाळी खिडक्या सताड उघडून घरात ताजी हवा घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. आणि खिडकी उघडली की मी झडप मिटून घेतो, बाहेरच्या अंगणाला ऊब कशाला द्यायची? खरं सांगतो, त्या खिडकीशी माझं कधी पटलं नाही.

"एन्नो, ही पाचवी खोली पोपिंगाबाईंची आहे!"

तिचा नवरा दचकला. "म्हणजे त्या कधी उठतात, कधी निजतात, सगळं आपल्याला दिसतंय? अगं, हे दुसऱ्याच्या घरात डोकावणं झालं! आत्ताच्या आत्ता तोड ते."

"न सांगता तोडणंही बरं नाही," विब्के म्हणाली आणि फेन्याला कडेवर घेऊन खाली आली. शरमेने तिचे कान लाल झाले होते.

पोपिंगाबाईंनी तिचं सगळं ऐकेपर्यंत चहा ओतला होता. कपात खडीसाखरेचा खडा चटचटला. कडेने सोडलेली साय वर ढगासारखी उमलली.

"ढवळू नकोस गं. ढवळायचा नसतो," त्या म्हणाल्या. "हे बघ, मी लहान असताना समोरची बाई सकाळी आमचा पडदा सरकलेला बघायची आणि मगच गाईचं दूध काढायला जायची. आता समोर कोण बघतंय? सगळे फोनात बघतात. तर तू फोनात बघ. माझा पडदा समज."

"तुम्हाला चालेल?"

"मी सकाळी उठले एवढंच तर कळणार आहे. ती काय लपवायची गोष्ट आहे? ही घे माझी जादा किल्ली. आणि दुसरा कप घे, तीन घेतल्याशिवाय कुणी उठत नाही माझ्याकडून."

त्या दिवसापासून मला नाव मिळालं. फोनवर विब्केने लिहिलं, 'पडदा'.

ते दिवस फार सुखाचे होते. सकाळी खिडकी, मग ऊब, मग किटलीची वाफ. वर एक डोळा माझ्याकडे लागलेला. एकदा मात्र आकडा बराच वेळ खालीच राहिला, तेव्हा विब्के झग्यावरच धावत आली. पोपिंगाबाई खिडकी उघडी टाकून पडदे धूत होत्या. "मेले नाही गं पोरी अजून!" त्या खो खो हसल्या. संध्याकाळी एन्नोनेही चिडवलं, "आमची ही म्हणजे काळजीचं गाठोडं!"

म्हणूनच त्या जानेवारीच्या सकाळी विब्के लगेच खाली धावली नाही.

रात्री पडलेला पाऊस गोठला होता आणि रस्ते काचेसारखे झाले होते. खिडकी नेहमीसारखी उघडली. मी नेहमीसारखी झडप मिटली. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. पावलं वाजली नाहीत. किटली गायली नाही. दर वेळी जागा होऊन बघावं तर गारठा वाढलेला. मी झडप उघडून पाहिली, बर्फाळ वारा सरळ अंगावर आला, शिकवल्याप्रमाणे मी ती पुन्हा मिटली. ज्यांना ऊब द्यायची, त्या खाली फरशीवर होत्या, आणि मी दार लावून बसलो होतो. माझ्या हातात एकच गोष्ट होती. मी आकडा सांगत राहिलो. बारा. दहा. आठ.

वर विब्के फोन हातात घेऊन बसली होती. पडदे धूत असतील, ती स्वतःला म्हणाली. पुन्हा हसतील मला. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. असल्या थंडीत पडदे कोण धुतं? हसू देत हसल्या तर. तिने फेन्याला उचललं.

घंटीला उत्तर आलं नाही. किल्ली कुलपात शिरेना, पोपिंगाबाईंनी आतून आपली किल्ली कुलपातच ठेवली होती. विब्के जपून पावलं टाकत मागच्या अंगणात पळाली. पिवळी सायकल हाताने ढकलत टपालवाली चालली होती.

"अहो, हिला धरा!"

"अहो, पण माझी पत्रं..."

"पत्रं थांबतील!"

फेन्या टपालवालीच्या हातात, आणि विब्के उघड्या खिडकीतून, माझ्या डोक्यावर पाय ठेवून, आत. जिच्याशी माझं जन्मात पटलं नाही, ती खिडकीच त्या दिवशी दार झाली.

पोपिंगाबाई टेबलाजवळ पडल्या होत्या. टेबलावरची चादर ओढून त्यांनी अंगावर घेतली होती. ओठ निळे पडले होते.

"पोरी," त्या पुटपुटल्या, "आधी खिडकी लाव. सगळी ऊब बाहेर चाललीय."

विब्के रडत रडत हसली. तिने खिडकी लावली, पलंगावरची सगळी पांघरुणं आणून त्यांच्यावर घातली आणि रुग्णवाहिका बोलावली. मी झडप पूर्ण उघडली. इतकी ऊब मी आयुष्यात कधी दिली नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पोपिंगाबाई बरेच आठवडे दवाखान्यात होत्या. त्या काळात विब्के रोज सकाळी खाली यायची, खिडकी उघडायची, थोडा वेळ उभी राहायची, ती लावायची आणि जायची. मला ते झोपेत कळायचं. पाऊल वेगळं असायचं. मग एका सकाळी खिडकी जरा हळू, अडखळत उघडली, आणि वरून विब्केचा आवाज आला, "एन्नो, पडदा सरकला!"

मित्रांनो, या गोष्टीला आता बराच काळ झाला. फेन्या शाळेत जाते. माझ्या पोटाचं झाकण चिकटपट्टीने धरलं आहे, अंगावरचे आकडे पुसट झालेत. आणि परवा विब्केचं बिऱ्हाड हललं. तिला दूरच्या गावी नोकरी लागली. जाताना तिने माझ्यात नव्या बॅटऱ्या घातल्या, पोपिंगाबाईंना घट्ट मिठी मारली. ती रोज फोन करते. पण चपलांच्या कपाटातला सर्व्हर खोक्यात बसून तिच्यासोबत गेला आहे. मी अजूनही मधून मधून जागा होतो आणि हाक मारतो. कुणी "आहे" म्हणत नाही.

पोपिंगाबाई आता काठी घेऊन चालतात. खिडकी मात्र स्वतःच उघडतात.

वरच्या घरात नवं कुणी येणार आहे म्हणतात. ते तुम्ही असाल, तर एवढं कराल का? सकाळी खालची खिडकी वाजते का, ते ऐका. नाही वाजली, किंवा वाजून फार वेळ उघडीच राहिली, तर त्या हसतील म्हणून थांबू नका. जिना उतरून या.

तुम्ही दुसऱ्याच कुठल्या घरात असाल, तर तिथेही कुणाची तरी खिडकी असेलच. आज ती उघडली का, तेवढं बघून याल?