रुद्राणीचं काय झालं?

भीमरावांचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी घातली. तीस वर्षं एसटीत नांदेड-लातूर गाडी चालवलेला माणूस, घरात बसून दोन दिवसांतच कावला. शेवटी त्यांच्या बायकोनं, पंचशीलाबाईंनी, लेकीनं लातूरहून आणलेली जाडजूड कादंबरी उघडली. "गप ऐका, मी वाचते."

"प्रेमाबिमाची हाय का? मला न्हाई ऐकायची."

"मग कानात बोळे घाला."

बोळे काही घातले नाहीत. पहिल्या दुपारी रुद्राणी आणि सुदर्शन कॉलेजात भेटले. तिसऱ्या दुपारी रुद्राणीचं लग्न दुसरीकडेच ठरलं, तसे भीमराव ताडकन उठून बसले. "आरं, बोल की येड्या! तोंडात मूग भरलेत का?"

सुदर्शननं बोलायला अकरा वर्षं लावली. तोवर रुद्राणीनं ते लग्न मोडून नोकरी धरली होती. मग दोघांचा संसार, बदल्या, भांडणं. एकदा तर सुदर्शन घर सोडूनच गेला.

"तिनं एक फोन करायचा होता!" भीमराव म्हणाले.

"तिनं का म्हणून? चूक कुणाची?"

आवाज एवढे चढले की शेजारच्या गुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं हो ताई?"

"आमचं न्हाई," पंचशीलाबाई म्हणाल्या, "पुस्तकातलं चालू हाय."

दुसऱ्या दिवसापासून गुणाबाईही भाजी निवडायला इथंच येऊन बसू लागल्या. पण पंचशीलाबाई जन्मभर शाळेत शिकवलेल्या. रोज दोन प्रकरणं, त्यापुढं एक ओळ नाही. भीमरावांनी स्वतः चहा करून दिला तरी नाही.

आणि मग रुद्राणीला ऑपरेशनसाठी आत नेलं. दार बंद झालं. प्रकरणही तिथंच संपलं.

"पुढं?"

"उद्या."

सकाळी पंचशीलाबाई बँकेत गेल्या तशी भीमरावांनी काळा चष्मा चढवला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि मल्लिनाथचं सलून गाठलं. "लेका, शेवटचं पान तेवढं वाच."

मल्लिनाथनं गिऱ्हाइकाच्या गालावर ब्रश फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं पान धरलं आणि तळाची ओळ तेवढी वाचली. "'रुद्राणी गेली. सुदर्शन रिकाम्या अंगणाकडं बघत उभा राहिला.' काका, बाई गेली की हो!"

भीमराव घरी आले ते पाय ओढत. त्यांनी भांडी घासली. लसूण सोलला. पंचशीलाबाई आल्यावर त्यांच्याकडं बघत म्हणाले, "तुझं बीपी कधी तपासलं होतं?"

दुपारी पंचशीलाबाईंनी पुस्तक उघडलं तर भीमराव म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे."

"इतके दिवस जीव खाल्लात, आन् आज ऱ्हाऊ दे?" पंचशीलाबाईंनी पुस्तक उलटलं. शेवटच्या पानावर साबणाचा वाळलेला डाग. त्या सगळं समजल्या. "मल्लिनाथकडं गेलता?"

"रुद्राणी गेली गं," भीमराव म्हणाले. गुणाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली.

पंचशीलाबाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "गेली तर गेली. पण मधली पानं सोडायची न्हाईत."

त्या दिवशी दोन प्रकरणांचा नियम त्यांनीच मोडला. ऑपरेशन पार पडलं. रुद्राणी घरी आली, चालू लागली, साठी उलटल्यावर स्कूटर शिकली. भीमरावांचा जीव मात्र दर पानाला खालीवर. कधी जाणार, कशी जाणार?

"'...तिनं किल्ली फिरवली,'" पंचशीलाबाई वाचत होत्या, "'आणि फाटकातून भुर्रकन रुद्राणी गेली. सुदर्शन रिकाम्या अंगणाकडं बघत उभा राहिला.'" त्यांनी पान उलटलं. मागं अजून दोनच ओळी होत्या. "'कोपऱ्यावरून हॉर्न वाजला. "येताय का न्हाई?" ती ओरडली, आणि सुदर्शन चप्पल न घालताच पळाला.'"

"गेली म्हंजे स्कूटरवर गेली!" भीमरावांनी मांडीवर थाप मारली. "जित्ती हाय बाई! परत वाच, पंचशीला, परत वाच!"

तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत गुणाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. भीमराव तर उठून सदरा घालत होते. मल्लिनाथला जाऊन सांगायलाच हवं होतं.

"थांबा," पंचशीलाबाईंनी पुस्तक काखेत मारलं. "मीबी येते. पान उलटायचं असतं, हे शिकवून येते त्याला."