मागच्या रांगेतून दिसणारा हिरा

सराफ बीडहून खडे घेऊन तलवाड्याला आला, तेव्हापासून विठ्ठलरावांना बूड टेकवेना. एवढे मोठे जमीनदार, पण जिवाला घोर एकच: लेक विमलच्या लग्नात आपल्या जावयाच्या अंगठीतला हिरा चुलतभाऊ अर्जुनरावांच्या जावयाच्या हिऱ्यापुढं बारका दिसता कामा नये. भाऊबंदकीचा काच ज्याला भाऊबंद आहेत त्यालाच ठाऊक.

सराफानं पांढऱ्या कागदावर दोन हिरे ठेवले. "रावसाहेब, वजन दोघांचं एकच. ह्यो दिसाया बारका, पर पोटात खोल हाय, म्हणून चमक त्याची सोताची. ह्यो दुसरा पसरट. मोठा दिसतो, पर उजेड धरत न्हाई. मागून चांदीचा वर्ख लावून बंद कोंदणात बसवावा लागंल. पाण्याला मातर जपा. वर्ख भिजला की हिरा आंधळा."

"अवं, बारकाच घ्या," विठ्ठलरावांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या. "कसा हासतोय बघा."

"हासून काय करतो? तालुकदारसायेब येनार, समदा गाव येनार. मागच्या रांगंतून दिसाया पायजे!" विठ्ठलरावांनी पसरट हिरा बायकोच्या बोटांत दिला आणि स्वतः अंगण ओलांडून थेट गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले. "वर धरा! हलू नगा!" गडीमाणसं बघायला लागली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दिसतोय!" विठ्ठलराव तिथूनच ओरडले. झाला सौदा.

लग्नात अंगठी लखलखली. अर्जुनरावांनी दोनदा मान वळवून पाहिलं आणि विठ्ठलरावांना मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी हळद उतरली. नवरानवरीचा खेळ मांडला, परातीत हळदीचं पाणी ओतलं. "बगू तरी, घरात हुकूम कुनाचा चालनार!" असं म्हणत विहीणबाई छबुबाईंनी मुलाच्या बोटातली अंगठी काढली आणि दिली पाण्यात सोडून.

विठ्ठलरावांना सराफाचा वर्ख आठवला. तरुणपणी ह्याच खेळात त्यांनीही पाणी चाचपलं होतं, पण हिरा घेताना ते कसलं आठवतंय! थांबा म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. ते नुसते उठत होते, बसत होते. परातीत चार हात गढूळ पाणी ढवळत होते, बायका खिदळत होत्या. लवकर सापड गं बये, लवकर.

सापडली विमललाच. तिनं मूठ किंचित उघडून आत पाहिलं. हिरा काळवंडला होता. तिनं एकदाच बापाकडं बघितलं.

"दाखव की गं!" छबुबाई म्हणाल्या.

विमलनं अंगठी स्वतःच्याच बोटात सरकवली, खडा तळव्याकडं फिरवला आणि मूठ आवळली. "जिंकलं ते माझं. आता न्हाई द्यायची."

मांडव हसला. अर्जुनरावही हसले.

निघताना ती बापाच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, आई म्हनत होती तो खडा बसवून लवकर सासरी आष्टीला धाडा. तवर मी मूठ उघडत न्हाई."

गाडी हलली तशी माणसं पुढं धावली आणि विठ्ठलराव पार मागं राहिले. एवढ्या लांबूनही त्यांना पोरीची मिटलेली मूठ तेवढी दिसत होती.