सुभद्राबाईंची पुस्तकांची थैली

मित्रांनो, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली एखादी मळकी थैली तुमच्याही घरात असेल. येता-जाता तिला धक्का लागतो, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी तशीच एक जुनी खाकी थैली आहे. मला कधी कोणी बाजारात नेलं नाही. माझ्या पोटात आयुष्यभर पुस्तकंच राहिली. माझी गोष्ट आनंदाची नाही, तरी ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

थैली होण्याआधी मी पँट होते. नागपुरातल्या प्रताप नगरात राहणारे रुपराव वीज खात्यात लाइनमन होते. त्यांच्या नोकरीची ती पँट. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, ती उसवून मला शिवलं. बंद म्हणून खाटेची नवार लावली आणि आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर दिलं. मशीनजवळ उभे राहून रुपराव पाहत होते.

"एवढी मजबूत काहून शिवून राहिली वं? गहू नेतं का दळाले?"

"गहू नाही. पुस्तकं," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच थोडी लाज वाटली.

सुभद्राबाई मौद्याजवळच्या एका खेड्यातल्या. सातवीपर्यंत शिकल्या, पुढे शेतात राबल्या, मग लग्न होऊन शहरात आल्या. मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागेपर्यंत त्यांनी शाळेबाहेरचं एकही पुस्तक हाती धरलं नव्हतं. पहिलं पुस्तक त्यांना समोरच्या घरातल्या सिंधूताईंनी दिलं. सिंधूताई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या घरी भिंतभर पुस्तकं होती. नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीनं मुलाला, धम्मानंदला, वाढवलं होतं आणि सोबतीला तीच पुस्तकं होती.

सुरुवातीला सुभद्राबाई ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या. पुढे बोट सुटलं. मग असं झालं, की भाजी फोडणीला टाकताना डाव्या हातात पुस्तक. दर गुरुवारी संध्याकाळी त्या मला खांद्याला लावून समोर जायच्या. व्हरांड्यात तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली मधे असायची. दोघी शेंगा सोलायला बसल्या, की सिंधूताई विचारायच्या,

"काय वाचून राहिली वं सुभद्रा सध्या?"

एवढं विचारायचा अवकाश! सुभद्राबाई हातातली शेंग तशीच ठेवून सांगू लागायच्या. पुस्तकातली सासू बोलायची तेव्हा त्यांचा आवाज सासूचा व्हायचा. पुस्तकात कोणी चोरपावलांनी चाललं, की त्यांचा श्वासही हळू व्हायचा. गल्लीतल्या बाया फाटकाशी थांबायच्या. मग सिंधूताई त्यांचं पुस्तक सांगायच्या. त्या कमी सांगायच्या, पण एखादं वाक्य असं म्हणून दाखवायच्या, की सुभद्राबाई म्हणायच्या, "थांबा ताई, पुन्हा म्हणा." निघताना एक पुस्तक माझ्यातून तिकडे जायचं आणि दुसरं माझ्यात यायचं.

"तुझ्या थैलीत पुस्तकाचा कोपरासुद्धा मुडपत नाही," असं एकदा सिंधूताई म्हणाल्या होत्या. मला कोणी वाखाणलं असेल तर तेवढंच. पण मित्रांनो, त्या दोघींच्या मधोमध पाटावर पडून राहण्यात जे सुख होतं, ते पुन्हा मला मिळालं नाही.

मग धम्मानंदनं मनीषनगरात फ्लॅट घेतला. सिंधूताईंना मुलगा आणि सून प्रीती यांच्याबरोबर जावं लागलं. नवीन घरात भिंतभर पुस्तकांना जागा नव्हती, बरीचशी वाचनालयाला दिली गेली. तरी गुरुवार सुटला नाही. सुभद्राबाई ऑटोनं जायच्या. शेंगा नसायच्या, व्हरांडा नव्हता, तिसऱ्या मजल्यावरची लहानशी बाल्कनी होती. पण गप्पा त्याच.

एकदा माझा शिवलेला बंद उसवला म्हणून सुभद्राबाई मला तिथेच ठेवून गेल्या. सिंधूताई म्हणाल्या होत्या, "राहू दे, मी टाका घालते." त्या आठवड्यात मला त्यांचं दुःख कळलं. सुईत दोरा ओवायला त्या बसल्या आणि ओवता येईना. पुन्हापुन्हा थुंकी लावून त्यांनी दोऱ्याचं टोक वळलं. शेवटी सुई टेबलावर ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. बंद प्रीतीनं शिवून दिला.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना त्या मला घेऊन एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग सांगितलं, की डोळ्याच्या मागचा पडदा खराब होत चालला आहे. कडेचं दिसेल. ज्याच्याकडे सरळ पाहाल, नेमकं तेच दिसणार नाही.

"नवा चष्मा दिला तर?" सिंधूताईंनी विचारलं.

"चष्म्यानं फरक पडणार नाही, आजी. घरच्या कोणाला घेऊन या पुढच्या वेळी."

त्यांनी घरच्या कोणालाही नेलं नाही. घरी येऊन डॉक्टरांचा कागद फाडला आणि कपाटातलं एक पुस्तक काढून खिडकीशी बसल्या. पान उजेडाकडे धरलं. मान तिरपी करून पाहिलं. मग पानावरून हात फिरवत राहिल्या, जसा आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात.

मित्रांनो, त्यांनी कोणालाच का सांगितलं नाही, हे मी पुष्कळदा मनाशी विचारलं. मला वाटतं, आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलेल्या बाईला "मला वाचता येत नाही" हे वाक्य तोंडातून काढणं जमलं नसेल. त्यातही सुभद्राबाईंसमोर तर नाहीच.

त्यानंतरचे गुरुवार मला बघवत नव्हते. सिंधूताई पुस्तक ठेवून घ्यायच्या आणि न वाचता परत करायच्या. आपल्या पुस्तकाचं सांगायची वेळ आली, की जुनं, केव्हाचं वाचलेलं काहीतरी सांगायच्या. "तू दिलेलं आवडलं हो मला," एवढं म्हणून विषय बदलायच्या. सुभद्राबाईंना काहीतरी खटकत होतं. ऑटोत बसल्या, की मला मांडीवर घट्ट धरून त्या बाहेर पाहत राहायच्या.

एका प्रदर्शनात सुभद्राबाईंनी स्वतःच्या पसंतीनं पहिल्यांदाच एक कोरी कादंबरी विकत घेतली. वीटभट्टीवर राबणाऱ्या दोन भावांची गोष्ट होती ती. स्वतः वाचायच्या आधी त्यांनी ती सिंधूताईंना दिली. पुढच्या गुरुवारी सिंधूताई म्हणाल्या, "फार सुंदर आहे. त्यातल्या बाईचं दुःख तर फारच छान उतरलं आहे."

घरी येऊन सुभद्राबाईंनी पुस्तक उघडलं. छापखान्यात कापायची राहून गेलेली दोन पानं मधेच वरून जोडलेली होती. ती फाडल्याशिवाय आतलं वाचताच येत नव्हतं. आणि पूर्ण पुस्तकात सांगण्यासारखी एकही बाई नव्हती.

पुढचा गुरुवार यायच्या आधीच त्या मनीषनगरला गेल्या. चप्पल काढली आणि उभ्यानंच पुस्तक पुढे धरलं.

"ताई, पानं चिकटूनच आहेत. तुम्ही हे उघडलंच नाही."

मी सुभद्राबाईंच्या खांद्यावर होते. सिंधूताई आता सांगतील, आता सांगतील, असं मला वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"सगळीच पुस्तकं पूर्ण वाचावी अशी नसतात, सुभद्रा," त्या म्हणाल्या.

"मंग तसं म्हणाचं होतं. खोटं काहून बोलल्या? माही पसंत तुमच्या लायकीची नाही, असंच ना?"

"तसं समज हवं तर."

सुभद्राबाईंचा चेहरा पडला. तो सिंधूताईंना दिसला नाही. प्रीती स्वयंपाकघरातून "काकू, चहा ठेवला आहे" असं म्हणेपर्यंत सुभद्राबाई जिना उतरत होत्या. रस्त्यावर येऊन त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ऑटोवाल्याला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

तेव्हापासून मी प्रताप नगरातल्या घरी खिळ्याला टांगलेली राहिले. गुरुवार आला, की सुभद्राबाई मला काढायच्या, झटकायच्या, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायच्या. "मी काहून जाऊ? बोलावलं तं पाहिजे त्याहिनं," असं स्वतःशीच म्हणून पुन्हा टांगायच्या. फोन वाजला, की लगबगीनं उठायच्या. तो मुलाचा असायचा, नाहीतर कोणा कंपनीचा.

वाचणं मात्र त्यांनी सोडलं नाही. वाचनालयातून त्यांनी एक कादंबरी आणली. धरणात जाणाऱ्या एका गावाची गोष्ट होती. त्या गावातली एक म्हातारी सुईण, गाव उठायच्या आधी, तिच्या हातून जिथे जिथे मूल जन्मलं त्या प्रत्येक घरी जाऊन शेवटचं जेवते. सुभद्राबाई त्या पुस्तकात पार बुडाल्या. एखादं घर झालं, की त्यांना कोणाला तरी सांगावंसं वाटायचं.

"अवो, ऐका ना. आज ते बुढी पाटलाच्या घरी गेली. अन पाटलानं स्वतःच्या हातानं तिले वाढलं!"

रुपराव मोबाइलमध्ये पाहत असायचे. "हं," ते म्हणायचे.

"ऐकून राहिले का?"

"हो ना. पाटलानं वाढलं."

सुभद्राबाई त्यांच्याकडे थोडा वेळ पाहायच्या. मग चष्मा नीट करून पुस्तकात मान घालायच्या. हळूहळू त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

उन्हाळा लागला होता. दुपारी कूलरसमोर खुर्चीत बसून त्या वाचत होत्या. पुस्तक हातातून खाली पडलं. आवाज ऐकून रुपराव आले, तोवर त्यांची मान कलली होती. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

निरोप कळताच धम्मानंद सिंधूताईंना घेऊन आला. मी दारामागून पाहत होते. सिंधूताई बायांमधून वाट काढत पुढे गेल्या आणि सुभद्राबाईंच्या तोंडाजवळ इतक्या वाकल्या, की कोणीतरी त्यांना सावरायला धावलं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग दोन्ही हातांनी सुभद्राबाईंचं कपाळ, गाल, हनुवटी चाचपली. बायांना वाटलं, दुःखानं असं करत आहेत. खरं काय ते तिथे फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

तेरवी झाली आणि एका दुपारी रुपरावांनी मला खिळ्यावरून काढलं. धरणाचं ते पुस्तक माझ्यात ठेवून ते मनीषनगरला आले. त्या दिवशी सुटी असल्यानं प्रीतीही घरी होती.

"ताई, थैली तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्या घरी आता कोणाले लागते? अन हे पुस्तक ते वाचून राहिली होती. लय आवडून राहिलं होतं तिले. तुम्ही वाचा, मंग मी वाचनालयात नेऊन देईन."

सिंधूताईंनी पुस्तक हातात घेतलं आणि त्यांचा बांध फुटला.

"मला दिसत नाही हो भाऊ. केव्हाचं दिसत नाही. तिचं शेवटचं तोंडही दिसलं नाही मला."

प्रीतीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "आई! मला तरी सांगायचं."

"तिले काहून नाही सांगितलं ताई?" रुपरावांचा आवाज फाटला. "तुम्ही तिले कमी समजता, हेच घेऊन गेली ते मनात. तिनं रोज येऊन वाचून दाखवलं असतं तुम्हाले!"

"माहीत आहे," सिंधूताई म्हणाल्या. "किती वेळा फोन हातात घेतला, भाऊ. ठेवून दिला."

मग रुपराव खाली मान घालून म्हणाले, "मी तं तिच्याजवळच होतो. मले सांगाची ते. मी ऐकत नव्हतो."

त्यांनी सिंधूताईंच्या हातातून पुस्तक घेतलं. खिशातून चष्मा काढला. रुपरावांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. अडखळत, जोडाक्षरांशी थांबत त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं. सिंधूताईंनी एकदाही त्यांची चूक काढली नाही.

त्यानंतर ते बऱ्याचदा आले. ती म्हातारी एकेका घरी जेवत पुढे गेली. पाटलाच्या घरचं जेवण आलं तेव्हा रुपराव एकदम थांबले आणि "हे सांगितलं होतं तिनं," एवढंच म्हणाले. पुढे एका दिवशी पानांमध्ये शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा निघाला. सुभद्राबाईंचं वाचणं तिथवर आलं होतं. त्या पानापर्यंत वाचून रुपरावांनी चष्मा काढला.

"याच्यापुढं मले नाही वाचवत ताई."

"वाचा ना भाऊ. थोडं राहिलं आहे."

"तिले माहीत नाही ते आपल्याले कायले माहीत पाहिजे?"

त्या दिवसानंतर ते आले नाहीत. आता ते मौद्याला भावाकडे राहतात, असं प्रीती सांगत होती. वाचनालयात तिनं पुस्तकाची किंमत भरून टाकली. ती कामावरून दमून येते, तरी एकदोनदा म्हणाली, "आई, मी वाचू का पुढचं?" सिंधूताईंनी मानेनंच नाही म्हटलं. पुस्तक माझ्यात आहे आणि मी इथल्या दारामागे आहे. माझी नवार विरली आहे. अस्तराला कसर लागली आहे. गुरुवारी संध्याकाळी सिंधूताई बाल्कनीत बसतात, तेव्हा त्या कोणाशीच बोलत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या थैलीला नवी नवार लावता येते. तुम्ही माझी काळजी करू नका. तुम्ही सध्या एखादं पुस्तक वाचत असाल आणि ते तुम्हाला आवडत असेल, तर ते आजच कोणाला तरी सांगा. घरात तुम्हाला कोणी सांगायला आलं, तर हातातला मोबाइल खाली ठेवून ऐका. आणि नेहमी भरभरून सांगणारं तुमचं माणूस एकाएकी गप्प झालं, खोटं बोलू लागलं, तर रागावून जिना उतरू नका. मागे फिरा, त्याच्याजवळ बसा, आणि हळूच विचारा, "तुला नीट दिसतं ना?"