हाताबरहुकूम

नूर मोहम्मदने हितेशचा उजवा पंजा आपल्या डाव्या हातात धरला, बोटं फाकवली आणि तळव्यावर काजळी चोळायला सुरुवात केली. अंगठ्याच्या मुळाशी जरा जास्त, करंगळीखालच्या मांसल भागावर त्याहून जास्त. मग त्याने पिस्तुलाची लाकडी मूठ हितेशच्या हातात दिली.

"घट्ट पकड. आता सोड."

लाकडावर काळे डाग उमटले. जिथे डाग दाट, तिथे लाकूड टोचतं. तिथे कानस फिरवायची. पुन्हा काजळी, पुन्हा पकड. सगळीकडे सारखा डाग उठेपर्यंत हेच चालायचं. चाळीस वर्षं लूमचे धोटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला यात अवघड असं काही नव्हतं. धोट्याला केसाएवढी खरखर राहिली तरी सूत तुटतं, आणि लूमवाले काही तोंड आवरून बोलत नाहीत.

"बसेल ना याच्या हाताला?" स्टुलावर बसलेल्या हिरामणने विचारलं. मानकोलीची त्याची शेती गोदामांसाठी विकली गेली, तसा खर्चाला त्याचा हात सैल सुटला होता. परदेशी एअर पिस्तूल त्याने घेतलं होतं ते मुलीसाठी, उन्नतीसाठी. आज तो पुतण्याला घेऊन आला होता.

"बसेल. पण शेठ, मूठ तर उन्नतीची आहे."

"तिला न्हाय जमला, चाचा. राज्याच्या नेमबाजीच्या निवडीत पार तळाला गेली. सर बोलले, मनगट कच्चा हाय. घरात वस्तू पडून कशाला ठेवायची? हितेश खेळेल."

उन्नती दुकानाच्या दाराशी उभी होती, पिस्तुलाची रिकामी पेटी छातीशी धरून. तिने पेटी फळीवर ठेवली तेव्हा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी नूर मोहम्मदला घट्टा दिसला, रुपयाएवढा, मधोमध फुटून लाल झालेला.

"हे कधीपासून?"

"मूठ बसवली तेव्हापासून. पहिले दहा-बारा छर्रे ठीक जातात, मग तिथे आग होते आणि पकड सरकते." ती कसंबसं हसली. "मला वाटलं, तुम्ही हाताबरहुकूम केलीय, म्हणजे खोट माझ्याच हातात असणार."

नूर मोहम्मदने कानस उचलली. लाकडावर एकदा ओढली आणि तो थांबला. त्याचा डावा हात अजून हितेशच्या मनगटावर होता. मुलाचा हात धरताना त्याला काही विचारच करावा लागला नव्हता.

दिवाळीनंतर उन्नती आपल्या आक्काला घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा समोरच्या चहावाल्याकडे पाचसहा माणसं बसली होती. परक्या घरची वीस वर्षांची मुलगी, भर बाजारात तिचा तळवा धरून बसायचं, हे त्याच्या जिवावर आलं. त्याने पुठ्ठा पुढे सरकवला आणि तिलाच पेन्सिलीने हात आखायला लावला. आखलेल्या रेघेतून बोटांची लांबी कळते. मांस किती, कुठे, ते कळत नाही. ते त्याने घरी जाऊन आपल्या मुलीच्या, तय्यबाच्या हातावरून घेतलं. दोघी सारख्याच वयाच्या, सारख्याच उंचीच्या. मुलीचा हात मुलीसारखाच असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. मूठ देखणी झाली. हिरामणने ती चार लोकांना दाखवली, आणि नूर मोहम्मदने त्यांचं कौतुकही ऐकून घेतलं.

आता तीच मूठ त्याच्या समोर होती. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. आणखी चार वेळा कानस फिरवली की जुना आकारच उरणार नव्हता.

त्याने कानस खाली ठेवली.

"शेठ, ही मूठ उन्नतीच्या हातावर केलेली नाही. माझ्या मुलीच्या हातावर केलीय."

"म्हंजे?"

"तिचा हात धरायला मला संकोच वाटला. तय्यबाचा घेतला. पोरीच्या मनगटाचा दोष नाही. चूक माझी आहे, आणि मी ती लपवली."

तो शिव्यांची वाट पाहत राहिला. हिरामणने मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, बरा केलात, चाचा. आजकाल एवढी लाज ठेवतो कोण? दुसरा असता तर हात सोडला नसता."

हितेश हसला. नूर मोहम्मदला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. उन्नती वडिलांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता.

"बाबा, माझं वर्ष गेलं त्यात."

ती पुढे आली, हितेशला तिने हाताने बाजूला केलं आणि त्याच्या जागी बसली. उजवा हात तिने उताणा पुढे केला.

"काजळी लावा, चाचा."

समोर चहावाल्याकडे दोघातिघांनी माना वळवल्या. नूर मोहम्मदने ते पाहिलं. मग त्याने तिचा हात धरला. तळवा रुंद होता, अंगठ्याचा उंचवटा जाडजूड, बोटं आखूड. तय्यबाच्या हाताशी याचा कुठेच मेळ नव्हता. एकदा हातात घेतला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं.

"लाकडाची पुट्टी भरून मूठ नव्याने करावी लागेल," तो हिरामणला ऐकू जाईल असं म्हणाला. "आठ दिवस. रोज यायला लागेल, आणि रोज हात धरावा लागेल."

हिरामणने चहावाल्याकडच्या माणसांकडे एकदा बघितलं.

"हितेश," तो म्हणाला, "तू गोदामावर जा. मी थांबतो हितं."

हितेश काळा तळवा पँटला पुसत निघून गेला. नूर मोहम्मद घट्टा टाळून काजळी लावू लागला. उन्नतीने मूठ डाव्या हातात घेऊन फिरवून पाहिली.

"तय्यबाला बरोबर बसली होती?"

"बरोबर बसली होती. सोडतच नव्हती. म्हणाली, अब्बा, मी पण एकदा नेमबाजीला जाऊन बघू का?"

"मग?"

तिच्या तळव्यावर काजळी पुरेशी लागली होती. तरी तो ती चोळत राहिला.

"मी काढून घेतली तिच्या हातातून."