चार मात्रांची जागा

"ती चार मात्रांची रिकामी जागा काढ, नाहीतर अल्बममधून हे गाणंच काढतो," निर्माता काचेपलीकडून म्हणाला. "ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं संपलं."

"वाटू दे!" माझं डोकं आधीच तापलेलं. "शब्द माझे असले तरी चाल आईची आहे. गाईचं दूध काढताना ती हेच गुणगुणायची. दुसऱ्या ओळीनंतर थांबायची, मग पुढे. ते थांबणंच गेलं तर उरलं काय? डोंबल!"

माझा पहिलाच अल्बम, आणि त्यातलं हे माझं सगळ्यात लाडकं गाणं. पाच वाजता स्टुडिओ सोडायचा होता. सव्वाचार वाजून गेले होते. कार्यक्रमांत मी तोऱ्यात सांगायचे, या थांबण्यात माझ्या गावची संध्याकाळ आहे म्हणून. लोक टाळ्या वाजवायचे.

निर्मात्याच्या मागे सोफ्यावर आई बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिला मी मुद्दाम साक्षीला आणलं होतं.

"आई, सांग ना त्यांना!"

आई उठून त्याच्या माइकपाशी आली. "त्यांचं बरोबर आहे. काढून टाक."

"आता तूसुद्धा?"

"अगं, ते गाण्यात नव्हतंच कधी." ती घुटमळली. "तुझ्या बाबांची यायची वेळ असायची. मी कानोसा घ्यायचे. फाटकाची कडी नीट लागली, तर पुढचं म्हणायचे. आपटली, तर..."

तर काय, ते मला आठवलं. कधीकधी ती मध्येच उठायची आणि अर्धी भरलेली किटली माझ्या हातात कोंबायची. "पळ, काकूला देऊन ये. तिकडेच जेव." मला केवढा आनंद व्हायचा! चुलत बहिणींशी खेळायला मिळायचं. घरी बाबांपुढे एकट्या राहिलेल्या आईचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. आणि तिचं ते भेदरून थांबणं मी गावोगाव मिरवत होते! स्वतःचीच लाज वाटली.

"आधी का नाही बोललीस?"

"तुला आवडायचं ना ते. शिवाय तुझे बाबा गेले, विषय संपला."

निर्माता मान खाली घालून उगीच बटणं चाचपत होता. बिचारा! पाच मिनिटांपूर्वी मी त्याला खाऊ की गिळू करत होते.

"घेऊ या," मी म्हटलं. "सलग."

म्हणणं सोपं होतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा त्याच जागी आपोआप थांबले. पाचला दहा कमी. चौथ्यांदा मी डोळे मिटले नाहीत, आईकडे बघत राहिले. दुसरी ओळ संपली आणि श्वास न घेताच तिसरीत शिरले. मग शेवटपर्यंत गेले.

मी काचेपलीकडे त्यांच्यापाशी गेले. निर्मात्याने आईला ते ऐकवलं. हेडफोन सैल होत होता, तो तिने दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. गाणं संपलं तरी तिने हात काढले नाहीत.

"माझी आई असंच म्हणायची," ती म्हणाली. "सलग. मी विसरलेच होते गं."

पाच वाजले. पुढची मंडळी वाद्यं घेऊन दारात उभी होती. हेडफोन काढून घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला सारला.

"आणखी एकदा लावायला सांग त्यांना," ती म्हणाली.