फाटक्या कानाच्या दोन शपथा

मित्रांनो, आधी माझा डावा कान पाहा. टोकापासून अर्ध्यापर्यंत फाटलेला आहे. मी समुद्रपूरच्या अनुसयाबाईंची म्हातारी ससीण. अंगावर काळे ठिपके, म्हणून माझं नाव सरकी. दोन वर्षं लाकडी खोक्यात माझं एकटीचं राज्य होतं.

सत्तावन्न सालच्या दसऱ्याला बाईंचे दीर रूपराव पिशवीतून एक पांढरीशुभ्र ससीण घेऊन आले. बाईंना हौस भारी. नव्या नवरीसारखं त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, नाव ठेवलं रुई, आणि "जाय माय, आपल्या घरात जाय," म्हणत थेट माझ्या खोक्यात सोडलं.

माझ्या घरात हळदीच्या वासाची परकी! मी तुटून पडले. तिने माझा कान फाडला.

रूपराव टाळ्या पिटत होते. "लढू द्या वयनी, दंगल हाये!" मग त्यांनी मला त्याच रक्ताळलेल्या कानांना धरून उचललं. "लय खुनशी हाये हे. पुन्हा भांडली तर आष्टीच्या बाजारात विकून टाकतो."

हवेत लोंबकळत मी दोन शपथा घेतल्या. एक रुईचा कान फाडायची, दुसरी रूपरावांचं बोट फोडायची.

"चूक माही हाये," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मले बी सासरी असंच लोटलं होतं एकदम."

त्यांनी खोक्यात मधोमध पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची ताटी बांधली. रोज माझं अंथरुणाचं गोणपाट रुईकडे, रुईचं माझ्याकडे. संध्याकाळी ताटीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हराळी टाकायच्या आणि गुणगुणायच्या:

एका बोंडात निजल्या सरकी नं रुई बाई,
ताटीआड दोघी बहिणी, बोलत काऊन नाई?

बोलणार कशाला? मी पऱ्हाटीवर दात घासत होते.

विसाव्या दिवशी बाईंनी आम्हाला शेजारच्या जिजाबाईंच्या ओसरीवर नेलं. तिथे ना माझं राज्य, ना तिचं. तमाशा बघायला रूपरावही आले. रुईने माझ्यापुढे डोकं खाली घातलं. कान समोर! मी दात विचकले, हुंगलं, आणि थबकले. तिच्या अंगाला माझ्याच गोणपाटाचा वास होता. स्वतःलाच कसं चावायचं? बाईंनी माझा सूड हळूहळू चोरला होता. मी तिचा कान चाटला.

"हात्तिच्या, मजाच गेली!" म्हणत रूपरावांनी रुईला कानांनी धरायला हात घातला.

ते बोट मी ओळखलं. दुसरी शपथ मी हाडापर्यंत फेडली.

"वयनी वं, मेलो! इले बाजारातच देतो!"

"हात तर लावून पाहा," बाई म्हणाल्या. "आता दोघी हायेत त्या." मग त्यांनी हळदीचा डबा आणला. "या भाऊजी, लावून देतो. आज नवरी तुम्ही."

पुढे आणखी दोन ससे आले. प्रत्येकाला आधी ताटी, मग ओसरी, मग खोका.

मित्रांनो, नवा ससा आणाल तर त्याला घाईने घरात लोटू नका. आणि उचलताना पोटाखाली हात द्या, कानांना धरू नका. माझे दात आता कमजोर झालेत. पण रुईचे अजून शाबूत आहेत, आणि रूपरावांची गोष्ट मी तिला रोज सांगते.